डोहाळ्याचं ताट

"लीला, तुझो खोको बंद कर आणि आत ये गो. ओटी भरूक घेतली," शेवंतीकाकी माजघरातून म्हणाली.

मी पडवीत पाटावर बसून खोक्यावरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक हिरवी रेघ होती. ती आडवी, मुकाट चालायला हवी होती. ती चढत होती.

"येते काकी. पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनटां म्हायत आसत माका."

आतल्या बायका हसल्या. कुणीतरी डोहाळ्यांचं गाणं धरलं. चुलीवर तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं शिजून तयार होतं. भाजलेल्या खोबऱ्याचा वास पडवीभर पसरला होता आणि त्याच्या आडून येणारा तो दुसरा, खाडीचा वास, जो चार महिने मला सोसवत नव्हता. मी अक्कलकोटकडची शिवलीला हिरेमठ. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. आणि मला संशोधनाला विषय मिळाला काय, तर शिंपल्यांचं मांस वाटायचं, गाळायचं आणि त्यात विष शोधायचं. मालवणच्या दक्षिणेच्या एका छोट्या खाडीवर, शेवंतीकाकी मेतर यांच्या घरी खोली घेऊन मी राहत होते. याला आता बारा वर्षं झाली, पण ती चढणारी हिरवी रेघ मला अजून जशीच्या तशी दिसते.

खोका होता जेवणाच्या डब्याएवढा. त्यात काचेची नखाएवढी चकती बसवायची. चकतीवर सोन्याचे कण पसरलेले असत, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावावेत. त्या कणांवर एका ठरावीक विषाला धरून ठेवणारे रेणू चिकटवलेले. चकतीवर उजेड टाकला की तो ठरावीक रंगाचा होऊन परत येई. विष येऊन चिकटलं की त्या रंगात किंचित फरक पडे. माणसाच्या डोळ्याला तो कळला नसता, खोक्याला कळायचा आणि तो रेघ वर न्यायचा. पहिल्याच दिवशी काकीने विचारलं होतं, "ह्यात खरा सोना आसा?" आहे म्हटलं. "किती?" दिसणार नाही इतकं, म्हटलं. "मगे ता सोना कसला," असं म्हणून ती भांडी घासायला निघून गेली होती.

पावसाळा संपल्यावर कधीकधी खाडीच्या मुखाशी डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजतं. त्यातल्या एका जातीत विष असतं. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे ते विष त्यांच्या मांसात साठतं. तिसरीला त्याचं काही होत नाही. उकळून ते जात नाही, चवीला कळत नाही. खाणाऱ्याच्या ओठांना आणि जिभेला आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात आणि मग श्वास घेणारे स्नायू थांबतात. त्यावर औषध नाही. विष उतरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवायचा, एवढंच. तसं यंत्र असलेलं इस्पितळ तिथून दीड तासावर होतं.

हिरवी रेघ तांबड्या खुणेला लागली आणि तिच्या वर गेली.

दुसरी कुणी असती तर तिथूनच ओरडत आत गेली असती. मी उठले नाही, कारण दीड महिन्यापूर्वी हे सगळं एकदा होऊन गेलं होतं. तेव्हाही रेघ अशीच वर गेली होती. आम्ही सरपंचांना कळवलं, तालुक्याला कळवलं, तिसऱ्यांची विक्री आठवडाभर बंद झाली आणि बायकांनी भरलेल्या टोपल्या मातीत पुरल्या. मग मोठ्या प्रयोगशाळेतून निकाल आला, विषाचा मागमूस नाही. शोध घेता घेता कळलं की मला नमुना द्यायच्या आधी काकी तिसऱ्यांना कोकमाचं आगळ चोळत होती. पाहुणीला वास सोसत नाही, लोकाची पोर सकाळी सकाळी उलट्या काढते, म्हणून. सोन्याच्या त्या कणांना आंबट चालत नाही. ते एकमेकांना चिकटतात, आणि विष नसतानाही रेघ चढते. तिने केलं होतं मायेपोटी, त्यामुळे मला धड रागावताही आलं नाही. तेव्हापासून वाडीत माझ्या खोक्याला 'कोकमाचा मशीन' म्हणत. विहिरीवर बायका विचारत, "म्याडम, आमच्या सोलकढीत किती विष आसा ता सांगतास काय?"

मी मागच्या दाराने परड्यात गेले. काकीची धाकटी जाऊ इंदू केळीची पानं पुसत होती. सकाळी नमुन्याची वाटी तिनेच मला आणून दिली होती.

"इंदूकाकी, त्या तिसऱ्यांना आगळ लावलं होतं का?"

"नको म्हणान सांगलेलंस ना तू."

"हो, पण लावलं होतं का?"

इंदू थांबली. "आठावना नाय गो. सकाळपासून नुसती धावपळ. हात सवयीन जाता."

परड्यात माडाखाली ओलं पोतं पडलं होतं. उरलेल्या तिसऱ्या त्यात तशाच होत्या, चिखलासकट. काकी त्या दिवशी स्वतः काढायला गेली होती. अमावास्या परवाच झालेली, ओहोटी मोठी, म्हणून नेहमीची जागा सोडून ती पार मुखापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात चालत गेली होती. का, तर मयुरीच्या पानात मोठ्या, भरलेल्या तिसऱ्या पडाव्यात.

मयुरी तिची एकुलती मुलगी. सातवा महिना होता. त्याआधी एकदा तिला दिवस राहिले होते, तेव्हा सासरी तिला तिसऱ्यांचे डोहाळे लागले. सासूने तिसऱ्या उष्ण म्हणून घरात येऊ दिल्या नाहीत. सातव्यातच मूल गेलं. डॉक्टरांनी रक्तदाबाचं कारण सांगितलं. काकीच्या लेखी कारण एकच, चेडवाचे, लेकीचे, डोहाळे मारले. या खेपेला तिने मयुरीला पाचव्यातच माहेरी आणून ठेवलं होतं, आणि बुधवार म्हणजे मासे खाण्याचा वार बघून तिचं डोहाळजेवण काढलं होतं. त्या ताटासाठी ती किती दिवस झुरत होती ते मी त्याच घरात राहून बघितलं होतं.

पोत्यातल्या तिसऱ्या मी विळीवर उघडल्या, मांस वाटलं, गाळलं. माझ्याकडे एकच चकती उरली होती. ती बसवली, थेंब सोडला आणि पुण्याला परचुरे सरांना फोन लावला. खोका त्यांच्या प्रयोगशाळेतला होता आणि मी त्यांची विद्यार्थिनी.

"सर, रेघ खुणेच्या वर गेलीये."

"आगळ?"

"नक्की सांगता येत नाही. म्हणून दुसरा नमुना लावलाय, न धुतलेल्या तिसऱ्यांचा."

"बरं केलंस. दोन्ही बर्फात घालून लॅबला पाठव. निकाल येईपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस."

"सर, इथे आत्ता पानं मांडतायत."

ते म्हणाले, "शिवलीला, तुझ्या खोक्याला अजून कुणी मान्यता दिलेली नाही. एकदा तू गाव बंद केलंस. पुन्हा खोटं निघालं तर पुढच्या वेळी, खरंच विष असेल तेव्हा, तुझं कोण ऐकणार?"

सर वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला चीड आली ती त्याचीच. मी फोन ठेवला. आत ओटीचे तांदूळ, नारळ, खण झाले. मग कुणीतरी म्हणालं, आता लेकीला पानावर बसवा. दुसऱ्या नमुन्याची रेघ तोवर खुणेच्या खालीच होती. मी तिच्याकडे बघत राहिले. थांब, तिथेच थांब, असं मी चक्क पुटपुटत होते. ती थांबली नाही.

मी आत गेले तेव्हा मयुरी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पानावर बसली होती. पानाभोवती रांगोळी. मीठ, लिंबू, भात वाढून झालेलं. काकी हातात टोप घेऊन वाकली होती आणि डाव भरला होता.

"काकी, थांबा. वाढू नका."

"काय झाला?"

"दोन्ही नमुन्यांत विष दाखवतंय. एक धुतलेला नव्हता. थेट पोत्यातला होता."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "कोकम लागला असतला."

"पोत्यातल्याला कोकम कुठून लागणार, आजी?"

"मगे खारा पाणी लागला असात. तुझ्या त्या सोन्याक काय ना काय लागताच." सगळ्या हसल्या.

काकी हसली नाही. "लीला, हय सगळी हयात तिसरे खातंव. माझ्या सासयेन खाल्ल्यान, तिच्या सासयेन खाल्ल्यान. मेला कोण?"

"रोजच्या जागेतल्या खाता तुम्ही. आज तुम्ही पार मुखाशी गेला होतात. तिथलं पाणी मी तपासलेलं नाही."

"म्हणजे तुका म्हायत नाय."

"खात्रीने माहीत नाही. लॅबचा निकाल यायला चार दिवस लागतील. तोवर नका वाढू, एवढंच म्हणते."

"चार दिवसांनी परत ओटी भरू काय?" काकीचा आवाज चढला. "गेल्या खेपेक सासू म्हणाली, उष्ण. आता तू म्हणतंस, विष. माझ्या चेडवाच्या तोंडाकडचो घास काढूक सगळी टपलेली आसत. पानावर बसवलेल्या बाईक उठवचा नाय, इतक्या तरी कळता मा तुका?"

"पानावरसून फिरवू नको गो घास," म्हातारी म्हणाली. "वायट असता ता."

मी त्यांना मुंग्या सांगितल्या, बधिर बोटं सांगितली, श्वास सांगितला. माझं मलाच ऐकू येत होतं की मी धडा वाचून दाखवल्यासारखं बोलतेय. दीड महिन्यापूर्वी हेच मी याच बायकांना शाळेच्या ओट्यावर सांगितलं होतं, आणि त्यांनी टोपल्या पुरल्या होत्या. मयुरीचा एक हात पोटावर होता आणि ती आळीपाळीने पानाकडे आणि डावाकडे बघत होती. तिला भूक लागली होती.

काकीने डाव पुन्हा पुढे केला.

"मग आधी मी खाते," मी म्हटलं.

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

"तू?" इंदूला हसू आलं. "वासान पळतंस तां तू?"

"मी खाते. अर्धा तास थांबा. माझ्या ओठांना मुंग्या आल्या नाहीत तर मयुरीला वाढा. मग मी एक शब्द बोलणार नाही."

आता कुणी हसलं नाही. मी पुढे जाऊन टोपातून एक तिसरी उचलली. गरम होती. कवच उघडलेलं, त्यात खोबऱ्याने माखलेला तो मऊ गोळा. मला भीती वाटत होती. विषाची तर होतीच, पण खरं सांगते, तो गोळा घशाखाली कसा जाईल याचीही होती. अक्कलकोटची आई आठवली, गळ्यातलं इष्टलिंग आठवलं. दीड तासावरचं इस्पितळ आठवलं. मनात आलं, कुणीतरी थांबवा आता मला. पण कुणी हललं नाही, आणि बोलून बसलेली बाई मागे कशी फिरणार. मी डोळे मिटून ती तिसरी तोंडाजवळ नेली.

माझ्या मनगटावर असा फटका बसला की हात झिणझिणला. तिसरी उडून रांगोळीत पडली.

काकी माझ्यासमोर उभी होती. टोप तिने खाली टेकवला होता, डाव हातातून सुटून पडला होता. "याड लागला तुका? तुका काय झाला तर तुझ्या आवशीक मी काय सांगू?"

आईला काय सांगू म्हणाली, तसा मी हात खाली घेतला.

मयुरी त्या दिवशी तेव्हा पहिल्यांदा बोलली. आवाज न चढवता, समजून घ्यायला विचारावं तसं तिने विचारलं, "आये, तिच्या हातातला पाडलंस. आणि ताच माझ्या पानात वाढतंस?"

काकीने पडलेला डाव उचलून टोपात टाकला. मग पदराने टोपाच्या कडा धरल्या, टोप उचलला आणि मागच्या दाराने बाहेर गेली. थोड्या वेळाने परड्यातून कुदळीचा आवाज यायला लागला. मी गेले, तर ती माडापासून लांब, कुंपणाशी खड्डा खणत होती. सुकं तिने खड्ड्यात ओतलं, पोतं त्यावर उपडं केलं, माती लोटली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरे रचले. मी चिरे उचलायला हात लावला तर तिने लावू दिला, पण माझ्याशी बोलली नाही. हात धुऊन मी सरपंचांना फोन केला आणि आज मुखाशी कुणी तिसऱ्या काढल्या असतील तर खाऊ देऊ नका, म्हणून सांगितलं. "बघतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कोकम होतं.

मयुरीने वरणभात खाल्ला. माझ्या डब्यातली शेंगाचटणी तिला आवडली, ती तिने दोनदा मागून घेतली. बायका लवकर उठल्या. जाताना माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. म्हातारी दारातून एवढंच म्हणाली, "लोकाच्या पोरीन सगळो इस्कोट केल्यान."

त्या संध्याकाळभर मी खोक्यासमोर बसले होते, आणि आपलं चुकलं असावं असं मला वाटत होतं. इतकंच काय, चुकलेलं नसावं अशी इच्छा धरायचीही लाज वाटत होती, कारण माझं बरोबर ठरायला कुणालातरी विषबाधा व्हायला हवी होती.

बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पलीकडच्या काठावरचा एक माणूस त्याच ओहोटीला मुखाशी गेला होता. रात्री जेवण झाल्यावर त्याची जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं, दारू प्यायलाय. इस्पितळात पोचेपर्यंत त्याला श्वास घेता येत नव्हता. तीन दिवस तो यंत्रावर होता, मग वाचला. लॅबचा निकाल आला तेव्हा त्यातला आकडा माझ्या खोक्याच्या आकड्यापेक्षा मोठाच होता. पण तोवर निकालाची वाट कोण बघत होतं? बातमी आली त्या सकाळीच सरपंच स्वतः पडवीत येऊन उभे राहिले आणि कुठून कुठपर्यंत बंदी घालायची ते मला विचारून गेले.

ते गेल्यावर काकी बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. तिच्या तळहाताला कुदळीचे फोड आले होते. बराच वेळ ती त्यावर फुंकर घालत राहिली.

"काकी, काल तुम्हाला माझं खरं वाटलं होतं का?"

"नाय. खोटाच वाटला."

"मग माझ्या हातातली का पाडलीत?"

"खोटा वाटला तरी लोकाच्या चेडवाचो जीव कोण पणाक लावता?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. "आणि मयुरीचा?" मी विचारलं.

ती रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. खाडीकडे बघत म्हणाली, "आपल्या पोराक काय होवचा नाय, असाच वाटता गो आवशीक. गेल्या खेपेक मयुरीन सासरसून फोन केल्यान होतो. आये, पाय सुजलेत, डोक्या दुखता, डोळ्यांपुढे काळोख येता. मी म्हटलंय, सातव्यात होता तसा, इतक्या काय घाबारतंस. चार दिवसांनी प्वार गेला."

हे ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं. मग मला सासूच्या उष्णाचा, मारलेल्या डोहाळ्यांचा आणि कमरेएवढ्या पाण्यात मुखापर्यंत चालत जाण्याचा अर्थ लागला.

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो राहू दिला. आत मयुरी उठल्याचा आवाज आला, तशी काकी उठली, पदराला डोळे पुसले आणि मुलीचे पाय बघायला आत गेली.